नागपूरच्या गच्चीवर बोरेज: पाकिटावरचे महिने विसरा, दिवाळी झाली की पेरा

पहिल्या वर्षी मी बोरेज मार्चमध्ये पेरलं, कारण पाकिटावर तसंच छापलं होतं, मार्च ते मे. रोपं आली, छान आली, चार-चार पानं झाली आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी सगळ्यांनी माना टाकल्या त्या परत वर केल्याच नाहीत. हिरवी नेट बांधली, दिवसातून दोनदा पाणी दिलं, काही फायदा नाही. मग उजेड पडला की हे पाकीट ज्यांच्यासाठी छापलंय त्यांच्याकडे मार्चमध्ये थंडी ओसरायला लागते आणि आपल्याकडे नागपुरात, मानेवाड्यात, मार्चमध्ये माळ्यावरचे कूलर खाली निघतात.

बोरेज हे मुळात भूमध्य समुद्राच्या काठचं झाड, एका हंगामात उगवतं, फुलतं, बी टाकतं आणि संपतं. गुडघ्या-मांडीएवढं वाढतं, पानं जाड आणि केसाळ, त्यांना चक्क काकडीचा वास आणि चव, आणि फुलं म्हणजे पाच पाकळ्यांची निळी चांदणी, मधोमध काळं टोक, सगळी खाली मान घालून लटकलेली. फूल खाता येतं, पान खाता येतं. नागपूरची नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही थंडी ह्या झाडाला एवढी मानवते की विचारू नका, फक्त ती थंडी आपल्याकडे मोजकी असते त्यामुळे तारखा चुकल्या की वर्ष गेलं. मी दोन वर्षं घालवली, तुम्ही घालवू नका म्हणून सगळं क्रमानं लिहितोय.

१. आधी नाव पक्कं करा, नाहीतर ओवा घेऊन घरी याल

हा सगळ्यात मोठा घोळ. नर्सरीत जाऊन "बोरेज आहे का" विचारलं की दहातले आठ जण हो म्हणतात आणि तुमच्या हातात पानओव्याची कुंडी देतात. तीच ती जाड रसरशीत पानांची, ज्याची आपण भजी करतो आणि सर्दी झाली की काढ्यात टाकतो. त्याला इंग्रजीत इंडियन बोरेज म्हणतात म्हणून हा गोंधळ. झाड चांगलंच आहे, पण ते तुळशीच्या कुळातलं, बोरेजशी त्याचं काहीच नातं नाही, फांदी खोचली तरी लागतं, आणि निळ्या चांदण्या त्याला कधीच येणार नाहीत. मी ह्यात ८० रुपये घालवले आणि वर दोन महिने फुलाची वाट पाहत बसलो, हे घरी अजून कोणाला माहीत नाही.

दुसरा घोळ गावजबानचा. इतवारीत जडीबुटीच्या दुकानात गावजबान मागितलं तर वाळलेली खरखरीत पानं मिळतात. युनानी औषधांत हे नाव जुनं आहे, बरेच लोक ते म्हणजेच बोरेज असं सांगतात, पण आपल्या बाजारात ह्या नावाखाली बहुतेक वेळा ओनोस्मा नावाचं वेगळंच झाड विकलं जातं, कूळ तेच पण झाड ते नाही. आणि वाळली पानं काही पेरता येत नाहीत, त्यामुळे तिकडे चक्कर मारू नका.

गंमत म्हणजे गावजबान हा फारसी शब्द आहे, गाव म्हणजे गाय आणि जबान म्हणजे जीभ. आमच्या आईला फारसीचा फ सुद्धा माहीत नाही, तिनं पहिल्यांदा पान हातात घेतलं आणि म्हणाली, "काहून बाप्पा, गायीच्या जिभेसारखं खरखरीत लागते हे, खाऊन राहिला का तू?" हजार कोस दूर बसलेल्या माणसाला आणि आमच्या आईला एकच गोष्ट सुचली.

तर लक्षात ठेवायचं नाव हे: बोरॅगो ऑफिसिनॅलिस. पाकिटावर, बिलावर, वेबसाइटवर हे शास्त्रीय नाव दिसलं तरच पैसे द्या. नुसतं "बोरेज हर्ब" किंवा "स्टारफ्लॉवर" लिहिलं असेल तर दुकानदाराला विचारा, आणि त्याला सांगता आलं नाही तर सोडून द्या. तसं ह्या कुळाशी आपली ओळख जुनीच आहे, भोकर ह्याच कुळातलं मानत आलेत, ज्याचं आपण लोणचं घालतो. त्यामुळे अगदीच परकं पीक म्हणून घाबरायची गरज नाही.

२. बिया: कुठून, कशा ओळखायच्या

रोप विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका, बियाच घ्या. का ते पुढं मुळाच्या भागात सांगतो. नागपुरात दुकानात ह्या बिया मला सहसा मिळाल्या नाहीत, कॉटन मार्केटच्या बाजूला बियाण्यांची भरपूर दुकानं आहेत पण तिथं पालक, मेथी, सांबार (म्हणजे कोथिंबीर), मुळा, झेंडू. बोरेज ऑनलाइनच मागवावं लागतं आणि ते सप्टेंबरमध्येच मागवा, कारण ऐन दिवाळीत कुरिअर अडकतं आणि तुमचे मोलाचे पंधरा दिवस जातात.

पाकीट आलं की उघडून बघा. बोरेजचं बी चांगलं मोठं असतं, साधारण ४-५ मिलिमीटर, काळपट तपकिरी, लांबट गोल, अंगावर सुरकुत्या आणि एका टोकाला कडं असल्यासारखी कड. हातावर घेऊन एक-एक मोजता येतं. आत धुळीसारखं बारीक बी निघालं तर ते बोरेज नाही, सरळ परत करा, फोटो काढून ठेवा. मला एकदा "दुर्मिळ निळी चांदणी" नावानं जे आलं ते पेरल्यावर साधं गवत निघालं होतं. बी किती जुनं आहे तेही बघा, पॅकिंगची तारीख दोन वर्षांपेक्षा आधीची असेल तर उगवण कमी धरून चाला आणि जास्त बी टाका.

पहिल्या वर्षी २०-२५ बिया खूप झाल्या. एका घराला चार-पाच झाडं पुरतात, उरतात.

३. सामान

हे सगळं दिवाळीच्या आधी जमवून ठेवा:

बादल्या किंवा ग्रो बॅग, निदान १२ इंच खोल, १५ असेल तर उत्तम. मी पेंटवाल्याकडून २० लिटरच्या रिकाम्या बादल्या घेतो, पाच-सहा वेळा घासून धुतो आणि बुडाला गरम सळईनं सात-आठ भोकं पाडतो. शोभेच्या पसरट कुंड्या ह्या कामाच्या नाहीत.
लाल माती, शेणखत किंवा गांडूळखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), थोडी जाड वाळू.
बांबूच्या तीन-साडेतीन फुटी काड्या आणि सुतळी.
झारी. पाइपची धार नको.
हातमोजे. हे चैनीचं वाटेल पण झाड मोठं झालं की त्याचे केस टोचतात, काहींच्या हाताला खाज सुटते, माझ्या मनगटावर पुरळ आलं होतं.
छोटी कात्री आणि झाकणाचा डबा, फुलांसाठी.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर कागदपत्र म्हणाल तर एकच, सोसायटीची परवानगी, आणि ती लेखी घ्या. ओल्या मातीची भरलेली २० लिटरची बादली सहज २० किलोच्या वर जाते, अशा दहा बादल्या टेरेसच्या मधोमध ठेवल्या की खालच्या मजल्यावरचे काका वर येणारच. भिंतीच्या कडेनं, खाली बीम असेल तिथं, विटांवर ठेवा म्हणजे पाणी साचून गळतीचं भांडण होत नाही.

४. माती, म्हणजे काळ्या मातीचं काय करायचं

बोरेजला मुळ्यासारखं सरळ खाली जाणारं सोटमूळ असतं. सगळं झाड ह्या एका मुळावर उभं. म्हणूनच ते एका जागेवरून दुसऱ्या जागी लावलेलं त्याला खपत नाही, मूळ वाकलं किंवा तुटलं की झाड मरत नाही पण खुरटून बसतं, वीतभर उंचीवरच दोन फुलं देतं आणि संपतं. ट्रेमधली रोपं घेऊ नका म्हणालो ते ह्याच्यासाठी.

आता आपल्याकडची काळी माती. कापसाला, तुरीला सोन्यासारखी, पण बादलीत तिचे दोन अवतार होतात, पाणी दिलं की फुगून चिखल आणि वाळली की दगड. वाळताना तिला भेगा पडतात आणि त्या भेगा आतलं नाजूक मूळ ओढून तोडतात. मी दुसऱ्या वर्षी वाडीची काळी माती पोत्यानं आणून अख्ख्या बादल्या भरल्या होत्या, मोठ्या प्रेमानं, म्हटलं आपल्या वावरातली माती. डिसेंबरात बुडाला पाणी साचून निम्मी झाडं पिवळी पडली. ओढून पाहिलं तर मूळ तपकिरी, गिळगिळीत.

सध्या माझं माप असं आहे: दोन घमेली लाल माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं भिजवून पिळलेलं कोकोपीट आणि अर्धं घमेलं वाळू. काळी मातीच हाताशी असेल तर एकच घमेलं घ्या आणि वाळू-कोकोपीट वाढवा. तपासायची पद्धत सोपी, ओली माती मुठीत दाबा, लाडू झाला पाहिजे आणि बोटानं टिचकी मारली की फुटला पाहिजे. फुटला नाही तर अजून वाळू घाला.

खतावर जास्त जीव ओतू नका. बोरेज गरीब मातीतही येतं. युरिया, डीएपी टाकलं की पानं हत्तीच्या कानाएवढी होतात आणि फुलं येतच नाहीत, वर झाड असं लुसलुशीत होतं की मावा ही कीड निमंत्रण दिल्यासारखी येते. सुरुवातीचं शेणखत आणि मग फुलांच्या आधी एकदा मूठभर गांडूळखत, बस.

जमिनीत लावणार असाल, म्हणजे अंगण असेल, तर काळ्या मातीत वाफा वीतभर उंच करा, पाणी बाजूला निघून गेलं पाहिजे.

५. पेरायचं कधी (हे परत वाचा)

ऑक्टोबर हीट असते तोवर थांबा. दसऱ्याला घाई सुटते, हवा जरा बदलल्यासारखी वाटते, पण दुपारी ऊन अजून चावत असतं. दिवाळी आटोपली, रात्री पंखा एक नंबरवर आला, पहाटे चादर ओढावीशी वाटली की पेरा. तारखेत सांगायचं तर साधारण नोव्हेंबर महिना. दिवाळी कधी ऑक्टोबरातच येऊन जाते, तेव्हा कॅलेंडरपेक्षा चादर बघा.

त्यातही सगळं एकदम पेरू नका. निम्म्या बादल्या पहिल्या आठवड्यात, निम्म्या तीन आठवड्यांनी. पेरल्यापासून साधारण आठ आठवड्यांत फुलं लागतात, म्हणजे पहिली बॅच नववर्षाच्या आसपास, दुसरी संक्रांतीनंतर आठवडाभरात. डिसेंबरच्या मध्यानंतर पेरलेलं मला कधीच पुरलं नाही, ते फुलावर यायला आणि फेब्रुवारीच्या शेवटाचं ऊन तापायला एकच गाठ पडते.

आणि पावसाळ्यात? नाही. मी करून पाहिलंय, जुलैमध्ये सडतं.

६. पेरणी

बी रात्रभर पाण्यात भिजत घातलं तर एखाद-दोन दिवस लवकर उगवतं, नाही घातलं तरी चालतं. बादली काठोकाठ भरू नका, दोन इंच रिकामी ठेवा. माती आदल्या दिवशी भिजवून ठेवा. बोटाच्या पहिल्या पेराच्या अर्ध्याएवढं, म्हणजे सेंटिमीटरभर खोल, एका बादलीत तीन बिया, तीन कोपऱ्यांत. मातीनं नीट झाका कारण ह्या बीला उगवताना अंधार लागतो, वर उघडं राहिलं तर तसंच पडून राहतं आणि चिमण्या नेतात ते वेगळंच.

६ ते १० दिवसांत दोन गोल जाडसर पानं वर येतात. ती वेगळी दिसतात, घाबरू नका, खरी खरखरीत पानं नंतर येतात. दोन आठवड्यांत तिसरं-चौथं पान आलं की छातीवर दगड ठेवून एका बादलीत एकच रोप ठेवा, जे सगळ्यात ठेंगणं आणि जाड ते, उंच झालेलं नाही. बाकीची उपटू नका, कात्रीनं मातीलगत कापा, उपटताना शेजारच्याचं मूळ हलतं. कापलेली कोवळी रोपं कोशिंबिरीत टाका, पहिली चव तिथंच मिळते.

"एक ठेवायचं म्हणजे फुकट गेली नं बाकीची," असं मलाही वाटलं होतं. एका बादलीत तीन ठेवली तर तिन्ही हडकुळी होतात. वाफ्यात दोन झाडांमध्ये फूट-सव्वा फूट जागा हवी.

ज्यांना आधी रोप करायचंच आहे, म्हणजे गॅलरीत सांभाळून मग वर न्यायचंय, त्यांनी चहाच्या कागदी कपात एक-एक बी लावा आणि दोन खरी पानं दिसली की कपाचं बूड फाडून अख्खा कपच मातीत ठेवा. उशीर करू नका, मूळ कपाच्या तळाला टेकलं की खेळ संपला.

७. ऊन, पाणी, काठी

ऊन पाच-सहा तास हवं. थंडीतल्या उन्हाला नेट बांधू नका, फुलं कमी होतात. फेब्रुवारी अर्धा झाला की मात्र दुपारी पश्चिमेकडून सावली मिळेल असं काही करा, जुनी साडी सुद्धा चालते, ह्यानं मला दोन-तीन आठवडे जास्तीचे मिळतात.

पाणी डिसेंबर-जानेवारीत दिवसाआड पुष्कळ झालं. रोज नळ आला की रोज पाणी, ही सवय ह्या झाडाला मारते. बोट दोन पेरं मातीत घाला, आत ओल लागली तर सोडून द्या. दुपारी पानं जरा मलूल दिसतात, मोठी पानं आहेत, दिसणारच, संध्याकाळी आपोआप उठतात. संध्याकाळीही उठली नाहीत तर पाणी. आणि पाणी बुडाशी घाला, पानांवर नाही.

काठी महिन्याभराचं झाड झालं की लगेच लावा. बोरेजचं खोड दिसायला जाड पण आत पोकळ असतं, फांद्या फुलांनी लवंडतात आणि एक दिवस वारा सुटला की बुडातून मोडतं. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी येतो, कधी गारांसकट. गेल्या वर्षी मोबाइलवर इशारा आला होता आणि मी म्हटलं बघू सकाळी, सकाळी पाच झाडांपैकी दोन उभी होती. आता इशारा दिसला की बादल्या जिन्याखाली. बादलीत लावण्याचा हा एक फायदा.

८. मावा, भुरी आणि आग्या

कीड फार नाही. ढगाळ हवा आली की शेंड्यांवर मावा दिसतो, हिरवा किंवा काळा, चिकट. सकाळी पाण्याच्या फवाऱ्यानं शेंडे धुवा, तीन दिवस लागोपाठ. नाही गेला तर लिटरभर पाण्यात चमचाभर साधा लिक्विड साबण, संध्याकाळी, आणि दुसऱ्या दिवशी साध्या पाण्यानं धुऊन टाका. ढालकिडे दिसले तर काहीच करू नका, ते मावा खातात. खालच्या पानांवर पांढरी पावडर दिसली तर ती भुरी, ती पानं काढून फेका आणि बादल्यांमध्ये अंतर वाढवा.

कृषी केंद्रातून कोणतंही औषध आणून मारू नका. ही फुलं तुम्ही न धुता, न शिजवता तोंडात टाकणार आहात. कडुनिंबाचं तेल सुद्धा मी फुलं लागल्यावर बंद करतो, वास राहतो.

मधमाश्यांचं मात्र सांगायला पाहिजे. बोरेज हे त्यांचं अतिशय आवडतं झाड, दहा वाजता आमच्या गच्चीवर फुलोरी माश्यांची नुसती गुणगुण असते, सातेरी येतात, आणि कधी कधी आग्या सुद्धा. शेजारच्या पाण्याच्या टाकीला आग्याचं पोळं असेल तर झाडं कपडे वाळत घालायच्या दोरीपासून आणि पोरं खेळतात तिथून लांब ठेवा. माश्या फुलावर असताना कोणाला त्रास देत नाहीत, पण फूल हातानं चेपलं आणि आत माशी असली तर ती चावणारच, आणि चूक आपलीच. ह्याच माश्यांमुळे माझ्या बाजूच्या बादलीतल्या भेदरांना (टोमॅटोंना) आणि दुधीला फळं जास्त लागतात असं माझं मत आहे, मोजून नाही पाहिलं.

९. तोडणी

पानं पाचव्या आठवड्यापासून. तळहाताच्या निम्म्याएवढी, कोवळी, खालून वर, एका वेळी एका झाडाची तीन-चारपेक्षा जास्त नको. जून झालेलं पान कच्चं खाऊच नका, केस घशात टोचतात.

फुलं सकाळी, दव वाळलं की. इथं नवीन लोक हमखास चुकतात, अख्खं फूल देठासकट तोडतात आणि मग म्हणतात की बाई हे तर टोचतं. पाकळ्यांच्या मागे हिरव्या केसाळ दलांची वाटी असते, ती खायची नसते. करायचं असं, फुलाच्या मधलं काळं टोक दोन बोटांनी धरा आणि हलकेच ओढा. चांगलं उमललेलं फूल वाटीतून सुटून अलगद हातात येतं, निळी चांदणी तेवढी. ओढावं लागत असेल तर ते अजून झालं नाही, उद्या. कळी गुलाबी असते आणि उमलताना निळी होते, त्यामुळे एकाच झाडावर दोन्ही रंग दिसतात, तो काही रोग नाही.

तोडलेलं फूल तासा-दोन तासात मलूल होतं. डब्यात ओला करून पिळलेला टिश्यू, त्यावर फुलं एका थरात, झाकण, फ्रिज. दुसऱ्या दिवशीपर्यंत बरं राहतं. एक-दोघांनी विचारलं की कॅफेंना विकता येईल का. मी एका कॅफेला डबाभर नेऊन दिली होती, दुपारी त्यांचा फोटो आला, निळा लगदा. तेव्हापासून मी घरच्यांनाच खाऊ घालतो.

१०. खायच्या आधी हे वाचा

बोरेजच्या पानांत पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाचे घटक थोड्या प्रमाणात असतात आणि ते लिव्हरला चांगले नाहीत, जास्त दिवस जास्त खाल्लं तर. म्हणजे पालकासारखी रोज जुडीभर भाजी करायची ही गोष्ट नाही. हंगामात अधूनमधून, चवीपुरती. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, लहान मुलं आणि ज्यांना लिव्हरचा काही त्रास आहे त्यांनी पानं खाऊच नयेत, फुलं सुद्धा सजावटीला ठेवून बाजूला काढावीत. औषध म्हणून काढे करून पिऊ नका. मेडिकलमध्ये बोरेज ऑइलच्या कॅप्सूल मिळतात, ते बियांचं प्रक्रिया केलेलं तेल असतं, ते वाचून घरी बिया वाटत बसू नका.

हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय कारण "नैसर्गिक आहे, काही होत नाही" हे वाक्य मी स्वतः वर्षभर म्हणत होतो.

११. आता खाणं

कोवळं पान बारीक, अगदी बारीक चिरून मठ्ठ्यात. काकडी न घालता काकडीचा मठ्ठा. सांबार, आलं, जिरं, मीठ नेहमीचं. दह्यातल्या कोशिंबिरीतही तसंच.

शिजवलं किंवा तळलं की केस विरघळल्यासारखे नाहीसे होतात, म्हणून मोठ्या पानांची भजी करा. बेसन जरा पातळ, त्यात ओवा, तिखट, पान अख्खं बुडवून सोडायचं. आईनं पहिल्या दिवशी हात लावला नाही, दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात गेलो तर ताटलीत तीन उरली होती. आता तीच सांगते, "ते गायजिभेचं आण रे चार पानं." पातळभाजीतही तिनं पालकात चार पानं मिसळून पाहिली, चण्याची डाळ, शेंगदाणे, वरून लसणाची फोडणी, चांगली लागते पण काकडीची चव त्यात हरवते, तर मग पालकच बरा, असं माझं म्हणणं आहे आणि ह्यावर घरात एकमत नाही. तिकडे इटलीत जिनोव्हाच्या बाजूला पानं उकडून रॅव्हिओलीत भरतात, फ्रँकफर्टच्या हिरव्या सॉसमध्ये सात पाल्यांपैकी हा एक असतो, म्हणजे मिसळून खायची रीत तिकडेही आहे.

पानं वाळवून ठेवायच्या भानगडीत पडू नका, वाळली की चव जाते आणि उरतं ते गवत.

फुलांची चव हलकी, गोडसर, मागून जराशी काकडी. शिजवायची नाहीत, वरून टाकायची. श्रीखंडावर, दहीभातावर. बोरेज फुलतं त्याच काळात मृग बहाराची संत्री बाजारात यायला लागतात, तर संत्र्याच्या फोडींवर निळी फुलं टाकून बघा, नाहीतर संत्रा बर्फीच्या तुकड्यावर एक-एक ठेवा, पाहुण्यांपुढे ठेवली की आधी मोबाइल बाहेर निघतात. लिंबाच्या सरबतात टाकली तर आंबटामुळे निळा रंग हळूहळू गुलाबीकडे झुकतो, पोट्ट्यांना ह्याचं फार कौतुक.

फुलांचा बर्फ ही उन्हाळ्यासाठीची युक्ती आहे. ट्रेमध्ये अर्धं पाणी घालून आधी गोठवा, मग प्रत्येक खणात एक फूल उपडं ठेवा, थोडं पाणी, परत गोठवा, मग काठोकाठ. एकदम भरलं तर फूल तरंगून वर येतं आणि अर्धं उघडं राहून काळं पडतं. उकळून गार केलेलं पाणी घेतलं तर बर्फ जरा काचेसारखा होतो. फेब्रुवारीत केलेला बर्फ पिशवीत भरून ठेवला तर मे महिन्यात, बाहेर ४५ असताना, पन्ह्याच्या ग्लासात निळी चांदणी.

१२. बी धरणं

फेब्रुवारीच्या शेवटी एक झाड बियांसाठी सोडा, त्याची फुलं तोडू नका. पाकळ्या गळाल्या की हिरव्या वाटीत चार दाणे धरतात, आधी हिरवे, मग तपकिरी, मग काळे. काळे झाले की वाट बघत नाहीत, स्वतःच गळून पडतात, म्हणून दोन दाणे काळे दिसले की अख्खी वाटी खुडून कागदावर सावलीत ठेवा. बादलीखाली जुनं वर्तमानपत्र अंथरलं तर गळलेलेही सापडतात. कापडी किंवा प्लास्टिक पिशवीत ओलसर बांधून ठेवू नका, बुरशी येते. आठवडाभर वाळवा, कागदी पाकिटात घालून वर तारीख टाका, पाकीट घट्ट डब्यात, डबा फ्रिजच्या दारात.

काही बिया बादलीत पडून राहतातच. त्या जूनच्या पहिल्या पावसात उगवतील आणि तुम्हाला वाटेल वा, फुकटची रोपं. माझी तीन वर्षांत एकही जगली नाही, जुलैत सडतात, तेव्हा कापून मातीत मिसळून टाका. होळीच्या सुमारास मूळ झाडं पिवळी पडली की तीही बुडाशी कापा, मूळ आतच राहू द्या, पावसाळ्यापर्यंत कुजतं आणि माती भुसभुशीत होते. मी त्याच बादल्यांत जूनमध्ये दोडका लावतो, तो दिवाळीपर्यंत आटोपतो.